इथलं कुणी आहे का

"काय सर, पोरगी गेली की काय?"

मावशींनी खालून विचारलं. एका हातात झाडू, दुसरा हात कमरेवर. सर खुर्चीवर चढून भिंतीवरचा एक फोटो काढत होते आणि खिळा काही केल्या फोटो सोडत नव्हता.

"अहो, गेली कसली! चांगली धडधाकट आहे. आज येतेय इथं."

"मग येणाऱ्याचा फोटो लावतात की काढतात?"

सरांनी फोटोला आणखी एक हिसका दिला. फोटो एकदाचा निघाला. त्यांनी तो रुमालाने पुसला आणि ऑफिसच्या कपाटात, मागच्या बाजूला, पालथा ठेवून दिला. खुर्ची जागेवर नेली. मग परत येऊन भिंतीकडे पाहिलं. ओळीत मधेच जागा रिकामी दिसत होती, म्हणून शेजारचे दोन फोटो थोडे सरकवून बघितले, तर ती जास्तच दिसायला लागली. शेवटी नाद सोडला.

ही भिंत म्हणजे सरांचं सगळं राज्य. कॉलेजातून ज्यांना नोकरी लागली त्यांचे फोटो, खाली कंपनीचं नाव. मुलं या भिंतीकडे फक्त मोबाइल चार्ज करायला येत, कारण फोटोंच्या खाली एक प्लग होता आणि तो चालू होता. वर कोण टांगलंय हे मान वर करून बघायची कुणाला गरज वाटत नसे.

सरांना मुलं 'एकमिनिट सर' म्हणत. अर्थात पाठीमागे. पूर्वी ते वर्गावर शिकवायचे आणि बरं शिकवायचे. पुढे संस्थेच्या लक्षात आलं की हा माणूस फोनवर गोड बोलतो, आणि त्यांना प्लेसमेंटच्या खोलीत बसवलं. तेव्हापासून त्यांचं काम एकच, कंपन्यांना फोन करायचा. पलीकडून "तुमचं कॉलेज आमच्या यादीत बसत नाही, सर" असं आलं की फोन ठेवला जायच्या आत घाईघाईने म्हणायचं, "मॅडम, एकच मिनिट, एकच मिनिट ऐका." दार उघडं असायचं. मुलं चार्जिंगला उभी असायची. नाव पडायला आणखी काय लागतं!

कॉलेज गावाबाहेर, गोदामांच्या रांगेच्या मागे. शहरात दुसरंही एक कॉलेज होतं, मोठं. त्याचं नाव घेताना लोकांचा आवाज आपोआप खाली यायचा. एकमिनिट सर नाव घेतच नसत, नुसतं 'ते कॉलेज' म्हणत. कंपन्या त्या कॉलेजात स्वतःहून जात आणि जागा मिळावी म्हणून आपसांत भांडत.

सरांचं एक ठरलेलं भाषण होतं. दर वर्षी नव्या मुलांना ते ऐकवायचेच. "कॉलेजचं नाव गेटवर असतं. प्रोग्राम तुम्हाला लिहायचाय. कॉम्प्युटर काही विचारत नाही, समोर कुठल्या कॉलेजचा बसलाय म्हणून!" इथे टाळ्या पडत. सर बोलत छान आणि बोलताना त्यांना ते मनापासून खरं वाटे. अडचण एकच होती. त्यांच्या स्वतःच्या मुलाला बारावीनंतर अशाच एका साध्या कॉलेजात प्रवेश मिळत होता, तेव्हा बायको म्हणाली होती, "तुमच्याच कॉलेजात घाला की. तुम्हीच तर सांगत असता." सरांनी काही न बोलता पोराला वर्षभर घरी बसवलं, क्लास लावला, रोज स्कूटरवर नेऊन सोडलं आणि पुढच्या वर्षी त्या कॉलेजात घातलं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांचं तोंड गोड केलं. आनंद आवरला नाही, काय करणार! तेव्हापासून भाषण करताना ते शेवटच्या बाकांकडे बघत नाहीत.

आणि आज एक खरी कंपनी येणार होती. बारीकसारीक दुकानदारी नव्हे, जिचं नाव सांगितलं तर पोरांच्या आया फोन करून शेजारणींना कळवतील अशी. ती येत होती फोटोतल्या मुलीमुळे.

तिला स्टाफरूममध्ये 'शेपूट' म्हणत. तास संपला की ती सरांच्या मागे निघे, थेट स्कूटरपर्यंत. "सर, पण हे असंच का? उलटं केलं तर?" सर हेल्मेट घालत तरी हिचं चालूच. एकदा बोलता बोलता ती स्कूटरबरोबर गेटपर्यंत चालत आली होती. असे विद्यार्थी मास्तरच्या नशिबात मोजकेच असतात, आणि सरांना ते कळत होतं. तिची पहिली नोकरी लहानशा कंपनीतली. फोटोखाली तेच नाव होतं. मग ती कुठल्या कुठे गेली.

काल तिचा फोन आला होता.

"सर, सगळं पक्कं झालंय. उद्या आम्ही दोघं येतोय. फक्त एक विनंती होती."

"बोल की गं."

"सर, तिथे माझी ओळख... म्हणजे, मी तुमच्याकडची, असं नका सांगू."

सरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटतं मी त्या कॉलेजची आहे," ती भराभर बोलत सुटली. "मी तसं कधी सांगितलं नाही, सर. शपथ. मी तिथे सहा महिन्यांचा कोर्स केला होता ना, सुट्टीच्या दिवशीचा. पहिल्या नोकरीत मी खरं सांगायचे. तर मीटिंगमध्ये मी काही बोलले की लोक म्हणायचे, 'असं का? जरा कुणाकडून तरी तपासून घे.' तेच दुसऱ्याने बोललं की लिहून घ्यायचे. मग नव्या ठिकाणी कुणीतरी म्हणालं, ही आपल्याच कॉलेजची. मी गप्प बसले. एकदा गप्प बसले ती बसलेच. आता कुठल्या तोंडाने सांगू? इतक्या वर्षांनी?"

"नको सांगूस," सर म्हणाले.

"मी तुमची लाज नाही बाळगत, सर."

"बाळगतेस गं. असू दे. मला राग नाही."

पलीकडे ती रडत असावी. सरांना राग खरंच आला नव्हता. राग येण्यासाठी माणसाची बाजू भक्कम लागते. त्यांना डोळ्यांसमोर आपला मुलगा दिसत होता, त्या कॉलेजचं नाव छातीवर असलेला टीशर्ट घालून घरात हिंडणारा, आणि तो टीशर्ट रोज धुऊन इस्त्री करणारे ते स्वतः.

"भिंतीवर माझा फोटो आहे का अजून?" तिने शेवटी विचारलं.

"काढतो," सर म्हणाले.

*

गाडी वेळेवर आली. शेपूट उतरली तेव्हा सरांनी तिला आधी ओळखलंच नाही. केस कापलेले, चष्मा गेलेला, चालण्यात एक ठामपणा. बरोबर कंपनीचा एक तरुण साहेब होता. माणूस सरळ होता, हसरा, हे सांगायला हवं. तो त्या कॉलेजचा होता आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

"नमस्कार, सर," शेपूट म्हणाली आणि हात पुढे केला.

"या मॅडम, या," सर म्हणाले. मॅडम म्हणताना त्यांची जीभ अडखळली नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

तिच्या वेळचं आता कुणी उरलं नव्हतं. अशा कॉलेजात मास्तर टिकत नाहीत, जरा बरं काही मिळालं की उडतात. उरल्या होत्या सर आणि मावशी. म्हणून सरांनी सकाळीच मावशींना मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळा पुसायला पाठवलं होतं.

"आणि चहा कोण देणार पाहुण्यांना?" मावशी म्हणाल्या होत्या.

"मी देतो."

"तुम्ही?" मावशींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की सरांनी खिशात उगाच किल्ल्या शोधल्या. "बरं. मी काही म्हणत नाही. तोंड उघडायची सवय आहे ना मला, म्हणून पाठवताय, कळतं मला."

तर सर स्वतः ट्रे घेऊन आले. तरुण साहेबाने मोबाइलमधून मान वर न करता कप घेतला आणि "थँक यू, काका" म्हटलं, मग वर बघून ओशाळला. "अरे, सॉरी सर, तुम्ही कशाला!" शेपटीने कप घेऊन समोर ठेवला. तिने चहा प्यायला नाही.

हॉल गच्च भरला होता. मुलं इस्त्रीचे कपडे घालून आली होती, काहींचे शर्ट वडिलांचे होते हे खांद्यांवरून कळत होतं. तरुण साहेबाने कंपनीची माहिती सांगितली आणि प्रांजळपणे म्हणाला, "खरं सांगायचं तर आम्ही ठरावीक कॉलेजातच जातो. इथे यायचं मॅडमनी लावून धरलं. कित्येक महिने. वरिष्ठांशी भांडल्या त्या." सगळ्यांनी शेपटीकडे पाहिलं. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती.

"कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिला वर्गात 'वकील' म्हणत, कारण ती कुणाशीही, कशावरही वाद घालू शकायची. सरांच्या भाषणावर टाळ्या न वाजवणाऱ्यांत ती पहिली.

"सर, तुमच्या कंपनीत इथलं कुणी आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या कॉलेजातून शिकलेलं. एक तरी. नाही, तुम्ही परीक्षा घ्याल, मुलाखत घ्याल. पण आजवर कुणाला घेतलंय का, की आमचा नुसता दिवस जाणार, ते कळलं तर बरं."

हॉलमध्ये हशा पिकला, पण लगेच ओसरला. प्रश्न सगळ्यांचाच होता. तरुण साहेबाने शेपटीकडे पाहिलं. शेपटीने सरांकडे पाहिलं. माइक सरांच्या हातात होता.

एकच वाक्य बोलायचं होतं. ही बसलीये समोर, आपलीच आहे, याच बाकांवरची. एवढं म्हटलं असतं तर पोरं बाकांवर उभी राहिली असती. इतकी वर्षं त्यांनी जे घसा कोरडा करून सांगितलं ते त्या एका वाक्यात खरं झालं असतं. सरांना ते वाक्य ओठांपर्यंत आलेलं जाणवत होतं.

"एक मिनिट," ते म्हणाले. मुलं हसली. मग सर म्हणाले, "अजून तरी नाही. सुरुवात तुमच्यापासून होणार."

पुढच्या रांगेतल्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकांवर कुणी हलकेच म्हणालं, "झालं." लेखी परीक्षेसाठी मुलं वरच्या मजल्यावरच्या वर्गांकडे निघाली, तेव्हा बरीचशी जिन्याने वर जायच्या ऐवजी खाली गेली. सर जिन्यात उभे राहून "अरे, देऊन तर बघा, काय जातंय?" म्हणत राहिले. "सर, गाडी गाठायचीये," असं सांगून मुलं बाजूने निसटली. त्यांत दोन-तीन फार चांगली होती. सरांना ती नावानिशी माहीत होती आणि त्यांना थांबवायला लागणारं वाक्यही माहीत होतं.

वकील मात्र गेली नव्हती. ती भिंतीपाशी उभी होती, मोबाइल प्लगला लावून.

"सर, इथला एक फोटो कुठे गेला?"

"कुठला?"

"मी रोज इथे उभी राहते. माझ्या मोबाइलची बॅटरी खराब आहे. काय करणार, फोटो बघत बसते. चष्म्यातल्या ताई होत्या इथे. आज चष्मा नाहीये त्यांना."

कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं तरी सर तिच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

"का? त्यांनी सांगितलं म्हणून?"

"तिची नोकरी आहे. तिने तुमच्यासाठी एवढं केलं."

"आणि तुम्ही आमच्यासमोर खोटं बोललात. मुलं घरी गेली, सर."

"हो."

"दर वर्षी सांगता, कॉलेजला काही अर्थ नसतो. तुमचा मुलगा कुठे शिकतो ते माहितीये आम्हाला. कुणी बोलत नाही तोंडावर, एवढंच."

हा प्रश्न कधीतरी येणार हे सरांना ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी चांगली उत्तरंही जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"घाबरलो मी," ते म्हणाले. "वाटलं, पोरगा माझ्यासारखाच आयुष्यभर लोकांकडे एक मिनिट मागत बसेल."

मुलांनी ठेवलेलं नाव त्यांना माहीत आहे, हे वकीलला बहुधा ठाऊक नव्हतं. ती खाली बघायला लागली. तिचा चेहरा लाल झाला आणि सरांना तेही बघवलं नाही.

"परीक्षा दे तू," ते म्हणाले. "माझ्यावरचा राग तिथे काढू नकोस."

तिने मोबाइल काढून घेतला आणि वर गेली.

*

आता पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. वकील लेखी परीक्षेत पहिली आली आणि संध्याकाळी जी निवड जाहीर झाली त्यात तिचं नाव होतं. आणखीही दोघं लागली. संस्थेने आनंदाने फलक छापायला टाकला. पण त्याआधी मुलाखत झाली, आणि सरांना जन्मभर पुरेल ते तिथे घडलं.

मुलाखती हॉलशेजारच्या वर्गात होत्या. बाहेर बाकांवर मुलं नंबर लावून बसलेली, टोकाला सर. वर्गाचं दार नीट बसत नसे. लावलं की थोड्या वेळाने हळूच आपलं आपण उघडे, आणि आतलं सगळं बाहेर ऐकू येई. मुलांना ते बरंच होतं. आधीच्याला काय विचारलं हे फुकटात कळत होतं.

वकील आत गेली. शेपूट प्रश्न विचारत होती आणि विचारत होती तेही सुरेख. उत्तर बरोबर आलं की म्हणायची, "ठीक. पण हे असंच का? उलटं केलं तर?" बाहेर बसलेल्या सरांनी मान खाली घातली, कारण त्यांना हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही. वकील एका ठिकाणी अडली. "हे मला येत नाही," तिने सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ती शेपटीशी चक्क वाद घालायला लागली आणि तरुण साहेब मोठ्याने हसला. गाडी रुळावर होती.

"छान," तो म्हणाला. "आता तुला आम्हाला काही विचारायचंय?"

"मॅडमना विचारायचंय," वकील म्हणाली. "मॅडम, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?"

बाकांवरची कुजबुज थांबली. सर ताठ बसले. दार आता जवळजवळ अर्धं उघडलं होतं. त्यांना वकीलची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडे शेपटीचा चेहरा. मुलगी तिला पकडत नव्हती. तिचा आवाज भांडणाऱ्या वकीलचा नव्हता, मऊ होता. सांगा ना, एवढंच त्यात होतं. सरांना ते कळलं आणि शेपटीलाही कळलं असावं, कारण तिने तोंड उघडलं.

पण तरुण साहेबाने आधीच उत्तर दिलं होतं. त्याने त्या कॉलेजचं नाव घेतलं. "माझ्या दोन वर्षं पुढे. म्हणून तर इतके कडक प्रश्न!" आणि कौतुकाने शेपटीकडे बघितलं.

शेपटीने दारातून बाहेर पाहिलं. सर तिथेच होते. त्यांनी मान हलवली नाही, नजर हटवली नाही. काहीच केलं नाही.

"हो," शेपूट म्हणाली.

बाकांवर एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. "बघ. म्हटलं नव्हतं?" दुसरा म्हणाला, "तरीच."

मग वकील म्हणाली, "बरोबर. आमच्याकडे असं शिकवत नाहीत."

ती रागाने म्हणाली की त्या बाईची अब्रू झाकायला म्हणाली, हे सरांना नंतर कधीही ठरवता आलं नाही. त्यांनी तिला विचारलंही नाही. तिने सांगितलं असतं, पण ऐकायचं धाडस पाहिजे ना. आत शेपटीचा चेहरा असा झाला होता की कुणाच्याही लक्षात आलं असतं. तरुण साहेब अजून हसत समोरचे कागद सारखे करत होता. त्याने मान वर केली असती, तर त्याला दिसलं असतं. बाकांवरची मुलं वाकून बघायलाच लागली होती.

एकमिनिट सर उठले. दारापाशी गेले, आत न बघता त्यांनी ते ओढून घेतलं. दार बसेना, पुन्हा उघडायला लागलं. तेव्हा त्यांनी कडी मुठीत धरली आणि दाराला पाठ लावून, मुलांकडे तोंड करून उभे राहिले.

"सर, ऐकू तर येऊ द्या," एक मुलगा म्हणाला. "काय विचारतायत ते."

"काही नाही विचारत आता."

"मग दार का धरलंय?"

"उघडतं ते," सर म्हणाले आणि पाठीमागे कडी तशीच घट्ट धरून ठेवली.